नवजात बाळाचं रुटीन कसं बसवायचं: दवाखान्यातून घरी आल्यापासून ते तीन महिन्यांपर्यंत

बाळ घरी आलं की आठवड्याभरातच सगळ्या घराला एकच प्रश्न पडतो, याचं रुटीन कधी बसणार? दिवसभर ढाराढूर झोपतं आणि रात्री दोनला डोळे टक्क उघडे, दूध कधी मागेल नेम नाही, आंघोळीच्या मावशी येतात नेमकं तेव्हाच गाढ झोपलेलं असतं, त्यात भेटायला येणारी मंडळी. मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर तासातासाचा तक्ता पाठवतं, सातला दूध, साडेआठला झोप, अकराला पुन्हा दूध, आणि दोन दिवसांत तो कोलमडला की आईला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. तसं अजिबात नसतं. तो तक्ता दोन आठवड्यांच्या बाळाच्या शरीराला झेपणाराच नसतो.

माझं मत स्पष्ट आहे. पहिले सहा आठवडे घड्याळ बाळाच्या मागे लावायचं नाही, फक्त क्रम लावायचा, आणि दिवसातल्या तीनच गोष्टी जमेल तितक्या ठरलेल्या वेळी करायच्या: सकाळचा उजेड, आंघोळ आणि संध्याकाळी घर शांत करणं. बाकी सगळं बाळ सांगेल तसं. या तीन खुंट्या पक्क्या असल्या की साधारण तिसऱ्या महिन्यात उरलेला दिवस आपोआप त्यांच्याभोवती बसायला लागतो. आणि आपल्याकडे रुटीन एकट्या बाळाचं कधीच नसतं, त्यात आजी असते, मावशी असतात, शेजारच्या काकू असतात, त्यामुळे निम्मं काम बाळाला सवय लावण्याचं नाही तर घराला सवय लावण्याचं आहे हे आधीच धरून चाला.

बाळ असं का वागतं ते आधी समजून घ्या

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम ५ ते ७ मिली मावतं, म्हणजे चमचाभर. आठवड्याभरात ते ४५ ते ६० मिलीवर जातं आणि महिन्याचं होईपर्यंत ८० ते १५० च्या आसपास. अंगावरचं दूध पचतंही पटकन, त्यामुळे दर दोन-अडीच तासांनी भूक लागणं हा हट्ट नाही. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हे नॉर्मल आहे आणि यातल्या तीन-चार वेळा रात्री येणारच.

झोप एकूण १४ ते १७ तास असते, पण तुकड्या-तुकड्यांत. आणि दिवस-रात्रीचं भान जन्मतः नसतं. पोटात असताना आईच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं झोपेचं हार्मोन, बाळापर्यंत पोचत असतं, बाहेर आल्यावर ते थांबतं आणि त्याचं स्वतःचं मेलाटोनिन ठरावीक लयीत तयार व्हायला साधारण दोन-तीन महिने जातात. रात्रीच्या अंगावरच्या दुधातून थोडं मिळतं, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतं. म्हणून 'बाळाची दिवस-रात्र उलटी झालीये' असं आपण म्हणतो ना, ती उलटी झालेली नसते, अजून तयारच व्हायची असते.

पहिली पायरी: पहिले दोन आठवडे फक्त वही ठेवा

या काळात रुटीन बसवायचा प्रयत्नच करू नका. एक साधी वही आणि पेन बाळाच्या उशाशी नाही तर तुमच्या उशाशी ठेवा, आणि तीनच गोष्टी लिहा: कधी पाजलं, शू किती वेळा, शी किती वेळा आणि कुठल्या रंगाची. अ‍ॅप वापरलं तरी चालतं पण वहीत आई, आजी, बाबा कोणीही लिहू शकतं आणि रात्री तीनला मोबाईल हातात घेतला की तो लवकर खाली ठेवला जात नाही.

ही वही का, तर 'दूध पुरतंय का' या प्रश्नाचं उत्तर तिच्यात असतं. पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट व्यवस्थित ओले व्हायला हवेत. शी आधी काळी-चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पहिल्या काही दिवसांत वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, घाबरू नका, १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि त्यानंतर साधारण रोज २५-३० ग्रॅम वाढायला हवं. वजन परत येईपर्यंत एक नियम मात्र कडक: बाळ तीन तासांच्या वर झोपलं तर उठवून पाजायचं, रात्रीसुद्धा. 'झोपलंय तर झोपू दे, शहाणं बाळ आहे' असं घरात म्हटलं जातं पण काविळीतलं बाळ पण असंच खूप झोपतं आणि दूध कमी पितं, म्हणून हा नियम. उठवायचं म्हणजे हलवायचं नाही, दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा, अंगाशी उघडं धरा, उठतं.

पहिल्या दिवसांतला चीक, म्हणजे आईचं सुरुवातीचं घट्ट दूध, एक थेंबही वाया घालवू नका. आणि मध, गुळाचं पाणी, साखरेचं पाणी, जन्मघुटी यातलं काहीही चाटवायचं नाही. मधातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नको, यावर घरात कितीही वाद झाला तरी माघार घेऊ नका. पाणीसुद्धा सहा महिने नको, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही नको, अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजायचं.

गावाकडे असाल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात, वजन करतात. त्या आल्या की ही वही त्यांच्या हातात द्या, त्यांना एका नजरेत बरंच कळतं.

दुसरी पायरी: भूक आणि झोप रडायच्या आधी ओळखायला शिका

भुकेची सुरुवात रडण्याने होत नाही, रडणं ही शेवटची पायरी. आधी बाळ चुळबुळ करतं, जीभ बाहेर काढतं, मान वळवून तोंड उघडतं, मूठ तोंडाकडे नेतं, चुटचुट आवाज करतं. तेव्हाच घेतलं तर शांतपणे पितं. जोरात रडायला लागल्यावर नीट पकडता येत नाही, हवा पोटात जाते, मग गॅस, मग परत रडणं.

झोपेचंही तसंच. नजर कुठेतरी लागते, आपल्याकडे बघायचं टाळतं, भुवयांजवळ लालसर होतं, जांभई, हातपाय झटकणं. पहिल्या महिन्यात बाळ एका वेळी फार तर ४५ मिनिटं ते तासभर जागं राहू शकतं, त्यात पाजण्याचा वेळ धरून. दोन महिन्यांनंतर तास ते दीड तास. हा आकडा लक्षात ठेवला तर निम्मी रडारड कमी होते हे मी अगदी खात्रीने सांगते, कारण आपल्याकडे बाळ दमलेलं असतं आणि घरात 'खेळतंय बघ' म्हणून पाच जणं त्याला हातातून हातात घेत असतात, मग ते इतकं दमतं की झोपताच येत नाही आणि तासभर किंचाळतं, आणि मग दोष दुधाला किंवा दृष्टीला.

तिसरी पायरी: क्रम लावा

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, वजन नीट वाढायला लागलं की, दिवसा हा क्रम: उठलं, दूध, ढेकर, लंगोट, थोडं जागं राहणं, मग झोप. बस इतकंच. वेळ कुठलीही असो, क्रम तोच. हेतू हा की दिवसातल्या काही झोपा तरी दूध पिता पिता न लागता नंतर लागाव्यात. पण सुरुवातीला बाळ अंगावर पिताना झोपणारच, त्यात वाईट काही नाही, त्याने सवय बिघडत नाही, उगाच उठवून खेळवत बसू नका. दिवसातून एकदा-दोनदा जमलं तरी पुरे. रात्री हा क्रम नाही, रात्री फक्त दूध, ढेकर, झोप.

जागेपणी 'खेळ' म्हणजे खेळणी नव्हेत. तुमचा चेहरा वीतभर अंतरावर, बोलणं, गाणं, खिडकीचा उजेड बघणं. दिवसातून दोन-तीनदा दोन-चार मिनिटं पालथं घाला, सुरुवातीला तुमच्या छातीवरच, कोणीतरी समोर हवं आणि बाळ जागं हवं.

चौथी पायरी: सकाळ पक्की करा

रात्र कशीही गेली असली तरी सकाळी सातच्या सुमारास, थोडं मागेपुढे, पडदे उघडा, लंगोट बदला, कपडे बदला, मोठ्याने बोला, 'उजाडलं' म्हणा. बाळंतिणीच्या खोलीला खिडक्या-दारं लावून दिवसभर अंधार ठेवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, वारा लागू नये म्हणून. वाऱ्याचा झोत नको हे ठीक, पण उजेड हवाच. बाळाच्या शरीरातलं घड्याळ उजेडावरच लागतं, दिवसा अंधार आणि रात्री ट्यूबलाइट असेल तर ते लागणार कसं? दिवसाच्या झोपाही पहिले दोन महिने उजेडात आणि घरातल्या नेहमीच्या आवाजात होऊ द्या, कुकरच्या शिट्ट्या, भांडी, बोलणं, सगळं चालू दे.

कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसवायला हरकत नाही पण त्यावर ड जीवनसत्त्वाची भिस्त ठेवू नका. बालरोगतज्ज्ञ जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. बाटली घेताना लेबल वाचा, काहींत एका मिलीत ४०० असतात, काहींत ८००, त्यामुळे शेजारच्या बाळाचा 'एक ड्रॉपर' तुमच्या बाळाला दुप्पट डोस होऊ शकतो. तसंच कोवळ्या उन्हाने कावीळ उतरते यावर विसंबू नका, पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर लगेच दवाखाना.

पाचवी पायरी: आंघोळ, म्हणजे दिवसाचा कणा

आपल्या घरातलं रुटीन खरं तर इथेच ठरतं. मालिश, आंघोळ आणि मग येणारी ती मोठी गाढ झोप, सगळ्या दिवसात बाळ सगळ्यात शांत असतं ते याच वेळी. आईलाही आंघोळ, जेवण, डुलकी हे सगळं याच अडीच-तीन तासांत मिळतं. म्हणून मावशी ठरवताना पैशांच्या आधी वेळ ठरवा. ज्या मावशी आज नऊला आणि उद्या बाराला येणार त्यांच्यामुळे रोज सगळा दिवस हलतो. त्यांचीही तीन-चार घरं असतात, त्यांचीही धावपळ असते, त्यामुळे 'दहा ते साडेदहा कधीही, पण त्यापलीकडे नको, उशीर होणार असेल तर एक फोन करा' असं प्रेमाने पहिल्याच दिवशी बोलून घ्यायचं.

वेळेचं गणित असं. मावशी दहाला येणार असतील तर नऊच्या आसपास पाजा, म्हणजे मालिश भरल्या पोटावर होणार नाही आणि भुकेने रडणारही नाही. मालिश दहा-पंधरा मिनिटं, आंघोळ पाच-सात मिनिटं, चटकन कोरडं पुसून टोपडं-झबलं, मग लगेच पोटभर दूध, मग झोप. आंघोळीनंतरचं दूध आणि झोप यांच्यामध्ये कोणालाही बाळ बघायला देऊ नका, तीच वेळ असते जेव्हा 'जरा दोन मिनिटं घेऊ का' होतं आणि झोप मोडते.

आता मावशींशी काय काय बोलायचं. आल्यावर हात साबणाने धुणं, नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या बाजूला. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने पुसून घेणंच बरं, आणि नाळेवर हळद, तेल, पावडर काही नको, फक्त कोरडी ठेवायची. बाळ वजनाने कमी किंवा लवकर जन्मलेलं असेल तर आंघोळ कधी सुरू करायची हे डॉक्टरांनाच विचारा. तेल खोबरेल चांगलं, मोहरीचं तेल नाजूक त्वचेला त्रासदायक ठरू शकतं. टाळूवर तेल लावायला हरकत नाही पण दाबायचं नाही. नाकात, कानात तेल सोडायचं नाही, अजिबात नाही, नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतं. छाती पिळून 'दूध काढणं', नाक दाबून सरळ करणं, पाय धरून उलटं करणं, हेही बंद. पाणी कढत नको, कोपर बुडवून कोमट लागलं पाहिजे, आणि तांब्याने उंचावरून चेहऱ्यावर पाणी ओतू द्यायचं नाही.

धुरी नको. ओवा-शेपा असो की नुसता धूप, धूर तो धूरच, आणि इवल्या श्वासनळीला तो झेपत नाही. बाळाला ऊब द्यायची असेल तर डोकं नीट पुसून टोपडं घाला आणि आईच्या अंगाशी धरा. डोळ्यांत काजळही नको, त्यात शिसं सापडतं.

आणि गुटी. बऱ्याच घरांत आंघोळीनंतर सहाण पुढे येतेच, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक. आजीने तिची सगळी मुलं त्यावर वाढवलेली असतात, त्यामुळे तिला 'नाही' म्हटलं की ते तिच्या मनाला लागतं. पण सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, सहाण स्वच्छ राहणं अवघड आणि वेखंड-जायफळाचं प्रमाण चुकलं तर बाळ गुंगीत जाऊ शकतं. यावर आमच्या घरात एक तोडगा फार छान लागू पडला: गुटीची जी वेळ, तीच ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची वेळ, आणि ते थेंब रोज आजीनेच द्यायचे. आजीचं काम तेच राहतं, मान तोच राहतो, आणि थेंब द्यायचे कधी विसरले जात नाहीत.

मावशींच्या सुट्टीच्या दिवशी त्याच वेळी घरातल्या कोणीतरी नुसतं तेल लावून अंग पुसून घ्या. थाटमाट नको, पण वेळ आणि क्रम तोच. बाबांनी हे शिकून घेणं फार उपयोगाचं.

सहावी पायरी: दुपार आणि पाहुणे

दुपारचं फार मनावर घेऊ नका, आंघोळीनंतरची झोप सोडली तर दुपारच्या झोपा अनेकदा अर्ध्या तासाच्याच असतात. एखादी झोप कडेवर, मांडीवर झाली तरी चालेल. दिवसा सलग तीन तासांच्या वर झोपलं तर उठवून पाजा, म्हणजे दुधाचा मोठा वाटा दिवसात संपतो.

पाहुण्यांची वेळ ठरवून टाका, चार ते साडेपाच, आणि हे आईने नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांगायचं. हात धुवायचे, सर्दी असेल तर नंतर या, पापे नकोत. बारशाच्या दिवशी एक खोली फक्त आई आणि बाळासाठी मोकळी ठेवा, आंघोळ नेहमीच्या वेळी उरका आणि पाळण्यात घालायचा मुहूर्त शक्यतो दुधानंतरच्या अर्ध्या तासात बसवा. त्या रात्री बाळ त्रास देणार, ते गृहीत धरा.

सातवी पायरी: संध्याकाळचं रडणं

तिन्हीसांजेला बाळ रडायला लागतं आणि काही केल्या थांबत नाही, हे इतक्या घरांत होतं की त्यावर दृष्ट काढण्याची अख्खी पद्धत उभी राहिली आहे. आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, फक्त मीठ-मिरच्यांचा धूर बाळापासून लांब. पण कारण समजून घ्या: हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दिवसभराच्या गडबडीने बाळ थकलेलं असतं, आणि त्याच वेळी त्याला सारखं सारखं थोडं थोडं प्यायचं असतं, अर्ध्या-अर्ध्या तासाने.

इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. 'बघ, पोट भरत नाहीये, वरचं दूध दे' असं कोणीतरी म्हणतं. वही उघडा. शू सहा किंवा जास्त वेळा आहे, वजन वाढतंय, म्हणजे दूध पुरतंय. संध्याकाळचं हे सततचं पिणं हा त्या वयाचा भाग आहे. वरचं दूध सुरू केलं की अंगावर ओढणं कमी होतं आणि मग दूध खरंच कमी होतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मात्र वरचं दूध द्या आणि त्याचं मनाला लावून घेऊ नका.

संध्याकाळचा बेत असा ठेवा. आईने साडेसहा-सातला जेवून घ्यायचं, कारण नंतर दोन तास तिचे हात मोकळे नसतात. साडेसातपासून मोठे दिवे बंद, टीव्हीचा आवाज कमी, घरातले बाकीचे दुसऱ्या खोलीत. कपडे बदला, कोमट फडक्याने हातपाय पुसा, दूध, मग तेच एक गाणं किंवा अंगाई रोज. बाळ ऐकत नसेल तर बाबांनी उघड्या छातीशी धरून फेऱ्या मारायच्या, किंवा हातावर पालथं घेऊन पाठ थोपटायची. ग्राइप वॉटर किंवा कुठलेही थेंब स्वतःच्या मनाने नकोत. आणि रडणं असह्य झालं तर बाळाला पाळण्यात पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला जोरात हलवायचं मात्र कधीच नाही, त्याने मेंदूला इजा होते.

आठवी पायरी: रात्र

रात्री सगळं कंटाळवाणं ठेवायचं. मंद पिवळा दिवा, बोलणं नाही, डोळ्यात बघून हसणं नाही, लंगोट फक्त शी झाली किंवा फार ओला असेल तरच बदलायचा, आणि बदलायचा तर पाजायच्या आधी, म्हणजे पिऊन झोपलेलं बाळ पुन्हा उठत नाही. हाताशी पाण्याची बाटली, दोन लंगोट, एक दुपटं, खायला काहीतरी, अळिवाचा किंवा डिंकाचा लाडू ठेवला तर उत्तम, रात्री पाजताना भूक सपाटून लागते.

झोपवायचं कायम पाठीवर. गादी घट्ट, उशी नको, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती राईची उशी पण नको, जाड गोधड्या, मऊ खेळणी काही नको. आईच्या खोलीतच पण वेगळ्या पाळण्यात किंवा शेजारच्या वेगळ्या गादीवर. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं, त्यापेक्षा पलंगावर पाजा. झोळीत बाळ वाकतं आणि हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून रात्रभराची झोप झोळीत नको. दुपट्यात बांधत असाल तर छातीशी हलकं आणि पाय मोकळे, बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत, आणि कुशीवर वळायला लागलं की बांधणं बंद. एसी असेल तर २६ च्या आसपास, झोत अंगावर नको.

रात्रीची विभागणी घरात आधी ठरवा. अंगावर पाजायचं काम आईचं, पण उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं हे बाबा किंवा आजी करू शकतात. आईला २४ तासांत निदान एकदा सलग चार तास झोप मिळाली पाहिजे, वजन परत आलेलं असेल तर रात्री नऊच्या दुधानंतर तिने झोपायचं आणि बाळाने पुढचं दूध मागेपर्यंत बाकी सगळं दुसऱ्याने बघायचं. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं, पण ते त्यापुढेही राहिलं, बाळ जवळ घ्यावंसं वाटेना, झोप मिळूनही झोप येईना, तर डॉक्टरांशी बोला, १४४१६ या टेली-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.

सहा आठवड्यांच्या बाळाचा एक दिवस साधारण असा

सातला उठणं, दूध, उजेड. आठला छोटी झोप. नऊला दूध. दहाला मालिश-आंघोळ, पावणेअकराला दूध आणि दोन-अडीच तासांची मोठी झोप. दीडच्या सुमारास दूध, जागं राहणं, पुन्हा झोप. चारला दूध, मग पाहुणे किंवा गॅलरीत फेरी. साडेपाच ते सात अर्धवट झोप, चुळबुळ. सात ते नऊ सारखं पिणं, रडणं, मंद दिवे. साडेनऊ-दहाला रात्रीची झोप. मग साधारण एक, चार आणि साडेसहा. हे फ्रिजवर चिकटवू नका, तासभर इकडेतिकडे होणारच, फक्त आकार लक्षात येण्यासाठी लिहिलंय.

दोन महिन्यांनंतर रात्रीची पहिली झोप चार-पाच तासांची व्हायला लागते आणि झोपायची वेळ हळूहळू पुढे न जाता अलीकडे येते, नऊ, मग साडेआठ. तेव्हा ती वेळ धरून ठेवा. दिवसातून एकदा, आंघोळीनंतरच्या झोपेला, बाळ पेंगुळलेलं पण पूर्ण झोपलेलं नाही अशा वेळी पाळण्यात ठेवून बघा. नाही जमलं तर उचला, उद्या पुन्हा. लवकर जन्मलेल्या बाळाचे आठवडे जन्मतारखेपासून नाही तर डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेल्या तारखेपासून मोजा.

मधेच दोन-तीन दिवस सगळं उधळतं, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास आणि मग तीन महिन्यांना, बाळ अचानक दुप्पट पितं. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींनंतरही एक-दोन दिवस तसंच. त्या दिवशी तापाचं औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं, दवाखान्यातच लिहून घ्या. या दिवसांत फक्त सकाळचा उजेड आणि संध्याकाळचे मंद दिवे सांभाळा.

मात्र काही गोष्टी रुटीनच्या नसतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, अंग गार पडणं, दूध ओढेनासं होणं, शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके, हिरवी उलटी, उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

माहेरून सासरी जाताना

सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी हा बदल होतो आणि बसलेलं रुटीन इथेच मोडतं. आठवडाभर आधी सासूबाईंना फोनवर दिवस सांगून ठेवा, आंघोळ कधी, मोठी झोप कधी, संध्याकाळी दिवे कधी मंद करतो. तिकडच्या मावशी आधीच ठरवून घ्या आणि त्यांना तीच वेळ द्या. प्रवास आंघोळीनंतरच्या मोठ्या झोपेत बसेल असा काढा, बसने पुणे-कोल्हापूर असो की स्वतःच्या गाडीने जवळचं अंतर. गाडी असेल तर बाळ मांडीवर नको, मागच्या सीटवर मागे तोंड करून बसवलेल्या कार सीटमध्ये, आणि दर दीड-दोन तासांनी थांबून बाहेर काढायचं. निघताना एक-दोन वापरलेली दुपटी न धुता सोबत घ्या, ओळखीचा वास लागतो. तेल तेच, अंगाई तीच, पाळणा नवा असेल तर पहिल्या दिवशी फक्त दिवसाची एक झोप त्यात. नव्या घरात बघायला येणाऱ्यांची रांग लागणार, त्यांना तिसऱ्या दिवसापासून बोलवा असं अहोंना आधीच सांगून ठेवा.